विमानाच्या आधी कागद

युद्धातून जीव मुठीत धरून निघालेल्या माणसाला मदत करायची म्हटले की आपल्याला आधी धान्य, पांघरुणे, औषधे आठवतात, आणि त्यापुढची सगळ्यात मोठी मदत म्हणून एखाद्या सुरक्षित देशाकडे जाणारे विमान आठवते. या दोहोंच्या मधले काम फारसे कुणाच्या नजरेत भरत नाही. नोंदणी, मुलाखत, प्रतिज्ञापत्र, मुदतवाढ, फेटाळलेल्या अर्जावरचे अपील असे ते वर्षानुवर्षे चालणारे, कंटाळवाणे आणि बिनबोभाट काम असते. पुढील पाने त्या कामाविषयी आहेत. माझे म्हणणे असे, की मदतीची सुरुवात व्हिसापासून करणे म्हणजे उलट्या टोकाकडून सुरुवात करणे होय. माणूस आज ज्या शहरात येऊन पोचला आहे, तिथे त्याला कायद्याच्या आधाराने राहता आले पाहिजे. दुसऱ्या देशात स्थायिक होण्याची वाट त्यानंतर, आणि पुष्कळदा त्यातूनच, निघते. हे दाखवण्यासाठी मी अफगाणिस्तानचे उदाहरण घेतले आहे. ते अजून संपलेले नाही, त्यातले बहुतेक निर्णय उघड नोंदीवर आहेत, आणि शिक्षणासाठी पुण्यात आलेल्या अफगाण मुलामुलींमुळे ते मराठी वाचकाच्या दारापर्यंत आलेले आहे.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले. त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत सुमारे १ लाख २० हजार माणसांना विमानांनी बाहेर काढले गेले. २६ ऑगस्टला विमानतळाच्या अ‍ॅबी गेटपाशी आत्मघाती स्फोट झाला आणि त्यात १३ अमेरिकन सैनिक व सुमारे १७० अफगाण नागरिक मारले गेले. त्या दरवाजाशी गर्दी करणाऱ्यांत खरा धोका कुणाला आणि किती, हे ठरवायला तिथे कुणालाच सवड नव्हती. हातात कुठला कागद आहे आणि आत ओळखीचे कोण आहे, यावर पुष्कळांचा निकाल लागला. ज्यांचे अर्ज कित्येक महिने, काहींचे तर कित्येक वर्षे, आधीपासून पडून होते ते बाहेर राहिले. या घटनेची आठवण विमानांच्या धावपळीच्या रूपात टिकून आहे. मला मात्र ती आधीच्या बारा वर्षांत न झालेल्या कागदी कामाची गोष्ट वाटते.

अमेरिकन सैन्यासाठी दुभाषे म्हणून काम केलेल्या अफगाणांसाठी २००९ च्या कायद्याने खास स्थलांतर व्हिसाची योजना आणली. तिच्यात चौदा टप्पे होते. नोकरी केल्याचे मालकाचे पत्र हवे, थेट वरिष्ठाचे शिफारसपत्र हवे, मग वकिलातीच्या प्रमुखाची मान्यता, मग अर्ज, मुलाखत, सुरक्षातपासणी, वैद्यकीय तपासणी. आता यातला एकच टप्पा जवळून पाहा. दुभाष्याला नेमणारी असायची एखादी कंत्राटदार कंपनी. कंत्राट संपले की कंपनीने गाशा गुंडाळलेला. वरिष्ठ अधिकारी वर्षभरात बदलून गेलेला. दुभाष्याला त्याचे नुसते आडनाव नाहीतर टोपणनाव ठाऊक. हा माणूस कंदाहारजवळच्या खेड्यात बसून अमेरिकेतल्या त्या निवृत्त अधिकाऱ्याचा पत्ता कसा शोधणार? सरकारने आपल्या बाजूचे काम नऊ महिन्यांत उरकावे असे अमेरिकन संसदेने घालून दिले होते. प्रत्यक्षात वर्षे जात होती. येल विद्यापीठाच्या विधी विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या आणि आज आंतरराष्ट्रीय निर्वासित साहाय्य प्रकल्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये अर्जदारांच्या वतीने सामूहिक दावा लावला. २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने हा विलंब अवाजवी ठरवला आणि तो दूर करण्याची योजना सरकारला द्यावी लागली. ज्यांनी जुन्या अधिकाऱ्यांचे पत्ते हुडकले, पत्रांचे मसुदे करून दिले, नकारावर मुदतीत अपील टाकले आणि शेवटी खुद्द सरकारला कोर्टात उभे केले, ते कुणी सैनिक किंवा मुत्सद्दी नव्हते. वकील, विद्यार्थी आणि स्वयंसेवक अशी ती माणसे होती.

काबूल पडल्यावर मदतीचा ओघ अर्थातच व्हिसाकडे वळला, आणि तिथे फार मोठी फसगत झाली. मानवतावादी सवलतीवर अमेरिकेत प्रवेश मिळावा म्हणून ४० हजारांहून अधिक अफगाणांचे अर्ज गेले. प्रत्येक अर्जाला ५७५ डॉलर. शुल्कमाफी मिळाली नाही तर आठ माणसांच्या कुटुंबाला ४,६०० डॉलर नुसते अर्जाचे. अर्जदाराची मुलाखत अमेरिकन वकिलातीत व्हायची, आणि काबूलमधली वकिलात तर बंद झालेली. म्हणजे आधी तिसऱ्या देशात जा, मग पुढचे. अमेरिकन संस्थांमध्ये काम केलेल्यांसाठी ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीलाच जाहीर झालेल्या दुसऱ्या योजनेची अट तीच होती: अफगाणिस्तानातून स्वतःच्या हिमतीवर बाहेर पडा, आणि मग वर्षभराहून अधिक काळ थांबा. थांबायचे कुठे, कुठल्या परवान्यावर, पोलिसांनी हटकले तर काय दाखवायचे, याचे उत्तर कुठल्याच योजनेत नव्हते. पुष्कळ जण पाकिस्तानात थांबले. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी पाकिस्तान सरकारने कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या परदेशी लोकांना देश सोडायला १ नोव्हेंबरपर्यंतची मुदत दिली आणि लाखो अफगाणांना माघारी जावे लागले. अमेरिकेकडे फाइल पुढे सरकत असलेली माणसेही इस्लामाबाद आणि रावळपिंडीतल्या भाड्याच्या खोल्यांत पोलिसांच्या भीतीने दडून राहिली. पुढच्या देशाची वाट पाहताना आजच्या देशातले पाय सुटले, तर ती वाटही हातची जाते. हा धडा आपण इथून घ्यायला हवा होता.

पुढे जे झाले त्याने तो अधिकच पक्का केला. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी निर्वासितांचा प्रवेश स्थगित केला आणि सगळ्या तपासण्या पार करून विमानाची तारीख मिळालेल्यांचीही उड्डाणे रद्द झाली. त्याच वर्षी जर्मनीतही सरकार बदलले आणि त्याने अफगाणांना आणण्याचा कार्यक्रम आवरता घेतला. पण तिथे फरक होता. इस्लामाबादमध्ये अडकलेल्या काहींच्या हाती जर्मन शासनाने दिलेले प्रवेशाचे लेखी आश्वासन होते. ते घेऊन त्यांनी दावे लावले. जुलै २०२५ मध्ये बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने सांगितले, की कार्यक्रम बंद करण्याचा अधिकार सरकारला आहे, मात्र दिलेले आश्वासन त्याला बांधून ठेवते. सप्टेंबरच्या सुरुवातीला पहिली काही कुटुंबे जर्मनीत उतरली. दोन्हीकडच्या माणसांचा धोका सारखा, वाट पाहणे सारखे, सरकारांची पाठ फिरणेही सारखे. बर्लिनमध्ये निकाल फिरला तो न्यायालयापुढे ठेवता येईल असा कागद होता म्हणून, आणि तो तिथे ठेवणारा वकील होता म्हणून.

जगातल्या निर्वासितांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोकांना दरवर्षी तिसऱ्या देशात अधिकृतपणे वसवले जाते. बहुसंख्य निर्वासित शेजारच्या, पुष्कळदा गरीब वा मध्यम उत्पन्नाच्या देशातच राहतात. हे आकडे पाहिले, की कायद्याच्या मदतीचे मुख्य ठिकाण टोरांटो किंवा बर्लिन राहत नाही. ते दिल्ली, पेशावर, तेहरान होते, आणि लहान प्रमाणात का होईना, पुणेही होते.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा आला. वैध पारपत्र व व्हिसाशिवाय आत येणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. मौजमजेला येऊन मुद्दाम राहून गेलेला पर्यटक आणि बॉम्बहल्ल्यातून पळालेली बाई यांत हा कायदा आपणहून फरक करत नाही. काही समूहांना सरकारी आदेशांनी सूट मिळते: तिबेटी, नोंदणी झालेले श्रीलंकेतले तमिळ, आणि अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेशातले बिगरमुस्लिम. काबूलच्या मुस्लिम पत्रकार मुलीला यातले काही लागू पडत नाही. तिने दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे नाव नोंदवायचे, मुलाखत द्यायची आणि मान्यता मिळाली तर एक ओळखपत्र मिळवायचे. त्या पत्राला आपल्या कायद्यात थेट आधार नाही, पण पोलीस ठाण्यात, इस्पितळात, शाळेच्या प्रवेशात त्याचा उपयोग होतो आणि न्यायालयात त्याला वजन येते.

न्यायालयांनी काय केले तेही पाहिले पाहिजे. संविधानाचे चौदावे आणि एकविसावे कलम नागरिकापुरते मर्यादित नाही; ते भारताच्या भूमीवरच्या प्रत्येक व्यक्तीला लागू आहे. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जीविताच्या रक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधून पळून आलेल्या सात जणांना दिल्लीला जाऊन उच्चायुक्तालयाकडे संरक्षण मागण्याची मुभा दिली, आणि जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत न लोटण्याचे तत्त्व एकविसाव्या कलमात सामावते असे म्हटले. याच्या जेमतेम महिनाभर आधी, एप्रिल २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांची पाठवणी थांबवायला नकार दिला होता. मात्र ठरलेल्या कार्यपद्धतीशिवाय कुणाला पाठवू नका, असेही बजावले होते. म्हणजे कायदा इथे एका बाजूने ठाम उभा आहे असा दावा करता येत नाही. एकेका प्रकरणात कोण, कधी, काय घेऊन न्यायालयात गेले यावर पुष्कळ काही ठरते. कायदा स्पष्ट असता तर कदाचित वकिलाशिवाय निभावले असते. तो इतका धूसर असताना निभावत नाही.

पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्याची अडचण याच धूसर पट्ट्यातली आहे. तो विद्यार्थी व्हिसावर रीतसर आला. शिक्षण संपले की व्हिसा संपतो, आणि परतायचे तर राज्य तालिबानचे. ज्यांची कुटुंबे जुन्या सरकारच्या नोकरीत होती त्यांना परतण्याची भीती आहे, आणि मुलींना तर तिकडे विद्यापीठाचे दार डिसेंबर २०२२ पासून बंदच आहे. महामारीत घरी गेलेल्यांची गत आणखी निराळी. २५ ऑगस्ट २०२१ रोजी भारताने अफगाणांना आधी दिलेले व्हिसे रद्द ठरवले आणि हातात वैध व्हिसा असलेली मुलेही तिकडे अडकली. इथे राहिलेल्याला मुदतवाढ मागायची तर पारपत्र चालू हवे. पारपत्राची मुदत वाढवायची तर आपल्या देशाच्या वकिलातीत जायचे. दिल्लीतली जुन्या सरकारची वकिलात नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. मुंबईतल्या अफगाण वाणिज्य दूतावासात नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबानने आपला माणूस नेमला. ज्या राजवटीपासून पळायचे तिच्याच दारात पारपत्रासाठी उभे राहायचे का? गेले तर घरच्यांची माहिती तिकडे पोचण्याची भीती, आणि पुढे एखादा अधिकारी विचारणार की त्या सरकारचे संरक्षण घेतलेत, मग भीती कसली? न गेले तर पारपत्र संपते आणि रीतसर आलेला मुलगा एका रात्रीत बेकायदा ठरतो. असा प्रश्न सहानुभूतीने सुटत नाही. नोंदणी आधी की मुदतवाढ आधी, परदेशी नागरिक नोंदणी विभागाला काय लिहून द्यायचे, काय देऊ नये, हे जाणणारे माणूस त्याच्या बाजूला लागते आणि ते व्हिसा संपण्याच्या आधी लागते.

कॅनडाचे उदाहरण ही साखळी पूर्ण करते. तिथे १९७९ च्या सुमारास सुरू झालेल्या योजनेत पाच सामान्य नागरिक एकत्र येऊन निर्वासित कुटुंबाची जबाबदारी घेऊ शकत. पण २०१२ पासून अशा गटाला अर्जासोबत निर्वासित असल्याची अधिकृत मान्यता जोडावी लागे. म्हणजे दिल्लीतली मुलाखत नीट झाली नाही तर टोरांटोतले पाच सज्जन लोकही काही करू शकत नाहीत. व्हिसा मिळाल्यावरही भारतातून बाहेर पडायचा परवाना लागतो, आणि मधल्या काळात इथले वास्तव्य नियमित नसेल तर तो अडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅनडाने अशा गटांचे नवे अर्ज घेणे थांबवले. ज्यांचे कागद तयार होते त्यांची नावे तोवर आत गेली होती.

मुलाखत नीट होणे म्हणजे काय, हेही सांगायला हवे, कारण इथेच वकिलाच्या कामाविषयी सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. जुन्या कागदी तझकिऱ्यावर, म्हणजे अफगाण ओळखपत्रावर, पुष्कळदा जन्मतारीखच नसते. १३८० साली चेहऱ्यावरून वय बावीस, अशी नोंद असते. हे सौर हिजरी वर्ष. त्यावरून जन्म १३५८ चा, आणि ते वर्ष २१ मार्च १९७९ ला सुरू होऊन २० मार्च १९८० ला संपते. एका कार्यालयाने १९७९ लिहिले, दुसऱ्याने १९८०, पारपत्रावर दिवस व महिना माहीत नाही म्हणून १ जानेवारी पडली. आडनाव लावण्याची रीत सगळीकडे नाही, तेव्हा एकच नाव कुठे नावाच्या रकान्यात, कुठे आडनावाच्या. समोरच्या अधिकाऱ्याला दोन तारखा आणि दोन नावे दिसतात आणि तो शेरा मारतो: कथनात विसंगती. हा शेरा अर्ज बुडवायला पुरतो. यावर उपाय एक पानाचा आहे. कालगणना समजावणारे प्रतिज्ञापत्र, प्रमाणित भाषांतर, आणि तफावत अधिकाऱ्याने विचारण्याआधी आपणच दाखवून देणे. २००७ मध्ये तीन अमेरिकन विधीअभ्यासकांनी तिथल्या न्यायाधीशांच्या हजारो निकालांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वकील असलेल्या आश्रयार्थींपैकी ४५.६ टक्क्यांना आश्रय मिळाला होता, नसलेल्यांपैकी १६.३ टक्क्यांना. वकील मुळातच बळकट प्रकरणे निवडतात, असे यावर म्हणता येईल आणि त्यात काही तथ्य असेलही. पण जवळजवळ तिप्पट फरक केवळ निवडीने पडतो हे मला पटत नाही, आणि त्या अभ्यासकांनाही वकील असणे हाच निकालावर सर्वांत जास्त परिणाम करणारा घटक आढळला.

वकील खोट्या कहाण्या पढवतात, असा आक्षेप येतो. कहाण्या विकणारे आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. ते दलाल असतात आणि जिथे फुकट, जाणकार सल्ला मिळत नाही तिथेच त्यांचे फावते. उच्चायुक्तालयाच्या सगळ्या सेवा मोफत आहेत, एवढी एक गोष्ट कळली तरी कित्येकांचे पैसे वाचतील. दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो अधिक वजनाचा आहे. निर्वासितांच्या वेषात अतिरेकी आले तर? म्हणूनच तर नोंदणी हवी, बोटांचे ठसे हवेत, मुलाखत हवी. युद्धगुन्हे केलेल्याला १९५१ चा करारच निर्वासित मानत नाही, आणि तो गुन्हेगार कोण हे पारखायला प्रक्रिया लागते. जो माणूस पोलिसाला घाबरून वस्तीत दडून राहतो त्याच्याविषयी राज्याला काहीच कळत नाही.

आपल्याच गरिबांना वकील मिळत नाही, मग परक्यांना कशाला, हा तिसरा आक्षेप मला मनापासून अस्वस्थ करतो, कारण त्यातले पहिले वाक्य खरे आहे. पण या कामाला लागणारा खर्च मुख्यतः वेळेचा आणि माहितीचा आहे. शिवाय समूहाला एकदम संरक्षण दिले तर तोही किती कमी होतो हे युरोपने दाखवले. ४ मार्च २०२२ रोजी युरोपीय संघाने युक्रेनमधून येणाऱ्यांसाठी तात्पुरत्या संरक्षणाचा २००१ चा निर्देश लागू केला आणि लाखो लोकांना एकेकाची चौकशी न करता राहण्याचा, कामाचा, शाळेचा हक्क दिला. हाच निर्देश अफगाणांसाठी सहा महिने आधी वापरला गेला नाही, हा युरोपवरचा ठपका आहे. आपल्याकडे कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया आणि मुले, राहिले. सोव्हिएत छावण्यांतून इराणमार्गे आलेल्या या माणसांना आधी राहण्याची निश्चिती मिळाली, शाळा मिळाल्या, आणि महायुद्ध संपल्यावर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांत जाण्याच्या वाटा तिथे बसून शोधता आल्या. क्रम तोच होता, ज्याचा मी इथे आग्रह धरतो आहे.

मदतीला निघालेल्यांना एक इशारा द्यायला हवा. ऑगस्ट २०२१ मध्ये धोक्यात असलेल्यांच्या याद्या फोनवरून जगभर फिरत होत्या आणि फिरवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्यातून सुमारे १९ हजार अफगाण अर्जदारांची माहिती एका चुकीच्या ईमेलने बाहेर गेली, आणि ते प्रकरण जुलै २०२५ पर्यंत न्यायालयीन आदेशाने झाकलेले राहिले. सरकारच्या हातून हे घडते, तर चार स्वयंसेवकांच्या गटाने अधिकच जपले पाहिजे. नाव, फोटो, गावाचे नाव, नातेवाइकांचे नंबर यांतले जे लागत नाही ते घेऊच नये, आणि शब्द द्यावा तो फक्त आपल्या हातातल्या गोष्टीचा.

महाराष्ट्रातल्या वकिलांनी आणि विधी महाविद्यालयांनी सुरुवात कुठून करायची, याचे उत्तर आपल्याच कायद्यात आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या बाराव्या कलमाने ज्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो त्यांत प्रत्येक स्त्री, प्रत्येक बालक आणि कोठडीतली प्रत्येक व्यक्ती येते. त्या कलमात नागरिक असण्याची अट नाही. प्रत्येक जिल्ह्यात या प्राधिकरणाचे कार्यालय आहे. तुमच्या शहरात व्हिसा संपत आलेली एखादी परदेशी मुलगी असेल, तर तिला तिथे घेऊन जा, अर्ज लिहायला बसा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.